सुखाचे डबे

सोमवार, १३ ऑगस्ट १९५६

आज महाकाळाच्या सवारीचा सोमवार, म्हणून कचेरी दुपारीच रिकामी झाली. निघण्याआधी सक्सेनासाहेबांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं की एक नोव्हेंबरला मध्यभारत संपणार, नवा मध्यप्रदेश होणार आणि आपली सांख्यिकी कचेरी भोपाळला जाणार. जे येतील त्यांना बढती. जे येणार नाहीत ते इथेच जिल्हा कचेरीत, आहेत त्याच खुर्चीवर. दहा ऑक्टोबरच्या आत लिहून द्यायचं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोतनीस बाबू, आप तो चलिए. इन्स्पेक्टर हो जाएँगे."

मी आजवर बैल मोजत आलो. आधी ग्वाल्हेर सरकारचे मोजले, मग मध्यभारताचे, आता मध्यप्रदेशाचे मोजायचे. बैल तेच आहेत. पण इन्स्पेक्टर मोजत नाही, दुसऱ्यांनी मोजलेले तपासतो. तेव्हा घरी येताना माझी मान जरा ताठ होती, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

अनसूया पोळ्या करत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मी म्हटलं, "असं कसं, तुझंही मत पाहिजे." ती म्हणाली, "माझं काय, तुम्ही ठरवा." उरलेली कणीक संपेपर्यंत आम्ही एकमेकांना असा मान देत राहिलो आणि काहीही ठरलं नाही. माझे वडील, नाना, ओटल्यावरून ओरडले की पाणी गिरायला लागलंय, कपडे काढा. तेवढा एक निर्णय तातडीनं झाला.

गुरुवार, १६ ऑगस्ट

रात्रभर विचार करून एक गोष्ट सुचली आहे आणि ती मला फार पसंत आहे. तिथेच खरं तर सावध व्हायला हवं होतं.

सरकार विहिरी मोजतं, नांगर मोजतं, दुभत्या म्हशी वेगळ्या आणि भाकड वेगळ्या मोजतं. पण माणसाला दिवसभरात बरं कशानं वाटतं, हे कुणी मोजलेलं नाही. उज्जैनीत राहून आम्हाला नेमकं काय मिळतं हे कळलं, तर भोपाळला जाऊन काय जाईल तेही कळेल. मग मान देत बसायची गरज नाही.

पद्धत अशी. वनस्पती तुपाचे रिकामे डबे माळ्यावर पडलेच होते. ते फळीवर ओळीनं मांडले आणि प्रत्येकावर माझ्या अक्षरात चिठ्ठी लावली: पोहे-जिलबी. नदीकडे फिरणं. पत्ते. वाचन. ओटल्यावरच्या गप्पा. दुपारची चौपड. रोज दिवेलागणीला, जेवणाआधी, त्या दिवशी जे जे केलं त्याच्या डब्यात चिंचोके टाकायचे. अगदी बरं वाटलं तर पाच, काहीच नाही वाटलं तर एकही नाही. कुणाचे कोणते ते कळावं म्हणून माझ्या चिंचोक्यांना निळी शाई, नानांच्यांना पानाचा चुना, जयूच्यांना हळद आणि अनसूयेच्यांना कुंकू.

चिठ्ठ्या लावून झाल्यावर आणखी दोन डबे ठेवले. एकावर 'भोपाळचा विचार', म्हणजे तिकडचं बोलणं निघालं की कसं वाटतं ते. आणि दुसऱ्यावर, केवळ शास्त्र पुरं व्हावं म्हणून, 'यांच्याशी बोलणं'. यांच्याशी म्हणजे माझ्याशी.

अनसूयेनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मला चिंचेच्या सारासाठी डबा लागला तर?" जयूला तिचे पिवळे चिंचोके फार आवडले. नऊ वर्षांच्या मुलीनं शास्त्राची बाजू घ्यावी याचं मला समाधान वाटलं.

सोमवार, २० ऑगस्ट

मोजणाऱ्याची पहिली फजिती स्वतःच्याच डब्यात होते. 'वाचन' या डब्यात मी तीन दिवस पाच-पाच निळे टाकत होतो. आज नाना म्हणाले, "गोपाळ, पुस्तक तोंडावर घेऊन तू घोरतोस, त्याचे पाच कशाला?" चौकशीअंती ते खरं निघालं. चिठ्ठी बदलून 'वामकुक्षी' लिहिलं. गुण तेच ठेवले.

नानांना मात्र पद्धत समजावणं कठीण आहे. ते 'ओटल्यावरच्या गप्पा'त पाच नाही, मूठच ओततात. मी म्हटलं, "नाना, पाचाच्या वर नाही टाकायचे." तर म्हणाले, "माझं काय रे, या वयात मला कुणाची दृष्ट लागणार?" म्हातारपणी माणूस विषय सोडून बोलतो. मी मूठ पाच धरून चाललो आहे.

रविवार, २६ ऑगस्ट

सकाळी फ्रीगंजात विष्णुपंतांबरोबर पोहे-जिलबी. विष्णुपंत कचेरीत माझ्या हाताखाली आहेत आणि पत्त्यांत माझ्या डोक्यावर. त्यांना डब्यांबद्दल सांगितलं तर जिलबी हातातच राहिली. "पोतनीस, तुम्ही वहिनींना सरळ विचारत का नाही?" म्हणाले. मी म्हटलं, "विचारलं की ती मला जे हवं तेच सांगते. चिंचोका खोटं बोलत नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी येईपर्यंत मनात घोळवलं.

मग आठवड्याची मोजणी केली. पोहे-जिलबीत अनसूयेचे लाल चिंचोके भरपूर. मधे एकदा सिनेमाला गेलो होतो, त्यासाठी मांडलेल्या डब्यातही तिनं चार टाकले होते, आणि त्या सिनेमात ती जांभया देत होती. 'भोपाळचा विचार' तर लालेलाल, रोजचे पाच. दुपारच्या चौपडीत, जी ती शेजारच्या गेंदाबाईंबरोबर खेळते, रोज फक्त एक.

आणि 'यांच्याशी बोलणं' या डब्यात? तिथेही रोज एक. बरोबर एक, ना कमी ना जास्त. मी डबा उलटा करून आपटूनसुद्धा पाहिला, तळाला चिकटले असतील म्हणून.

मी काही मनाला लावून घेतलं नाही. आकडेवारीकडे तटस्थपणे पाहावं लागतं. फक्त संध्याकाळी मीही जरा कमीच बोललो, आणि तिनं तरीही एक टाकला.

बुधवार, ५ सप्टेंबर

चार दिवस मोजणी बंद होती. जयूला ताप आला होता. काल उतरला. आज ती सकाळपासून घरभर उड्या मारते आहे आणि दोनदा शिरा खाऊन झाला आहे.

दुपारी गेंदाबाईंनी भिंतीवरून विचारलं, "अब कैसी है छोरी?" अनसूया म्हणाली, "ठीक ही है बाई, कमजोर हो गई बहुत." त्याच वेळी ती कमजोर छोरी माझ्या खुर्चीवरून पलंगावर उडी घेत होती. मी म्हटलं, "अगं, चांगली टुणटुणीत तर आहे." अनसूयेनं मला असं डोळ्यांनी दटावलं की मी आत गेलो. मागून तिनं जयूच्या गालाला काजळाची तीट लावली.

बायकांना खरी परिस्थिती सांगायला काय होतं ते कळत नाही. अशानं सरकारला नीट आकडे मिळायचे कसे?

रविवार, ९ सप्टेंबर

गणपती बसले. मोदकांच्या गडबडीतही मी मोजणी सोडली नाही, पण आज भलतंच उघडकीला आलं. 'नदीकडे फिरणं' आणि 'पत्ते' हे डबे अर्धे रिकामे. चौकशी केली तर अनसूया आणि गेंदाबाई दुपारच्या चौपडीसाठी तेच चिंचोके नेतात, दोन फोडून त्यांचे फासे करतात आणि खेळ झाला की हाताला येईल त्या डब्यात परत ओततात. माझ्या तीन आठवड्यांच्या आकडेवारीवर या बायका सोंगट्या पळवत होत्या.

मी रागावलो. अनसूया हसू दाबत म्हणाली, "अहो, पण तुमचे निळे फार चांगले पडतात." हसू तिला दाबता आलं नाही, मग गेंदाबाईही हसल्या, जयू हसली, आणि नाना तर पान थुंकायला उठले ते हसतच. इतकं हसायचं आणि चौपडीच्या डब्यात संध्याकाळी लाल चिंचोका एकच. म्हणजे हसणं वरवरचं. मोजल्याशिवाय कळलं नसतं.

मोजणी पहिल्यापासून सुरू केली आणि खेळायला त्यांना कवड्या आणून दिल्या.

बुधवार, १९ सप्टेंबर

आजपासून पोरींची संजा. जयू आणि गल्लीतल्या मुलींनी आमच्या ओटल्याशेजारची भिंत धरली आहे. शेणानं आकृती काढायची, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, संध्याकाळी आरती आणि गाणी, आणि दुसऱ्या दिवशी खरवडून नवी आकृती. अमावास्येपर्यंत हेच.

लग्न होऊन अनसूया नगरहून इथे आली तेव्हा ही शेणाची चित्रं पाहून तिनं नाक मुरडलं होतं. आमचं बोलणं ऐकूनही मुरडलं होतं. "पाणी गिरतं काय, पाणी पडतं," असं मला ऐकवायची आणि माहेरच्या आठवणीनं रडायची. आता तिचा भाऊ पत्रात लिहितो की ताईची मराठी बिघडली. आणि संजेच्या भिंतीपाशी पोरींच्या आधी हीच पदर खोचून उभी असते. गेंदाबाई रेषा सांगतात, ही ओढते, पोरी पाकळ्या लावतात.

शास्त्राला धरून 'संजा' असा नवा डबा ठेवला.

बुधवार, २६ सप्टेंबर

कचेरीतून आलो तर भिंतीवर मोर. गुलबक्षीच्या पाकळ्यांचा पिसारा, डोळ्याला कवडी. ही कवडी मीच चौपडीसाठी आणलेली. अनसूयेच्या कोपरापर्यंत शेण आणि केसात पाकळी. गेंदाबाईंबरोबर माळवी गाणं म्हणत होती आणि तिला शब्द पाठ होते. मी ओटल्याखाली सायकल धरून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. तिला पाहून मला फार बरं वाटलं. लग्नाच्या वेळीसुद्धा मी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं, तेव्हा लाज वाटायची.

दिवेलागणीला तिनं हात धुतले, कुंकवाचा एक चिंचोका उचलला आणि 'संजा'त टाकला. एकच. दुसरा हातात घेतला होता, तो परत ठेवला. मी विचारलं, "मोर चांगला नाही जमला का?" ती म्हणाली, "ठीक आहे."

तेव्हा इथेही तेच. मला मोरासाठी पाच द्यावेसे वाटत होते, पण मी काही मोर काढला नव्हता.

रविवार, ३० सप्टेंबर

आज शेवटची बेरीज. नाना उज्जैनीच्या बाजूनं, पण मुठींमुळे त्यांचा पुरावा कमजोर. जयू सगळीकडेच पाच टाकते, म्हणजे ती कुठेही आनंदात राहील. मी स्वतः वामकुक्षीवर जगतो, आणि भोपाळलाही दुपार होतेच.

राहिली अनसूया. चौपड, संजा, ओटला, आणि तो माझा डबा, सगळीकडे एक-एक लाल. भोपाळ काठोकाठ. इतक्या वर्षांत या गावानं तिला काही दिलेलं नाही, आणि माझ्याशी बोलून तिला जेमतेम एका चिंचोक्याइतकं बरं वाटतं. बिचारी तोंडानं कधी बोलली नाही. नव्या गावात नवरा इन्स्पेक्टर असेल, तेव्हा कदाचित दोन टाकेल.

लिहून देतो. मन म्हणावं तसं हलकं झालं नाही, पण ते पोटातल्या गडबडीमुळे असेल. पितृपक्षात वडे जरा जास्तच होतात.

सोमवार, १ ऑक्टोबर

लिहून दिलं. साहेब म्हणाले, "शाबाश." विष्णुपंतांनी फक्त विचारलं, "वहिनींना सांगितलं?" मी म्हटलं, "त्यांनीच सांगितलंय, असं समजा."

घरी अजून बोललो नाही. अमावास्येला सगळे आनंदात असतील तेव्हा सांगू.

गुरुवार, ४ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

आज जे झालं ते नीट लिहायला हवं, कारण यापुढे मी स्वतःला हुशार समजायला लागलो तर हे पान उघडून वाचता येईल.

काल भिंतीवर शेवटचा किल्लाकोट झाला होता. चार बुरूज, आत चंद्र-सूर्य, शिडी, एक बैलगाडी. बैलगाडी जयूनं माझ्यासाठी काढली होती, बाबा बैल मोजतात म्हणून. आज दुपारी पोरी ते खरवडून नदीत सोडायला निघाल्या. अनसूया टोपलीत शेण भरत होती. हळूहळू, एकेक पाकळी वेगळी काढून. मला वाटलं, हीच वेळ. मी म्हटलं, "अनसूये, तुझ्या मनासारखं केलं. भोपाळला यायचं लिहून दिलं."

ती म्हणाली, "बरं केलंत."

आत गेली, पाच लाल चिंचोके उचलले, 'भोपाळचा विचार'मध्ये टाकले. मग भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि रडायला लागली. शेणाच्या हातांनी डोळे पुसता येईनात, म्हणून खांद्यानं पुसत होती.

मला काही समजेना. मी म्हटलं, "अगं, रडतेस कशाला? डबा तर भरलाय तुझा."

"तुम्हाला जायचंय म्हणून भरला," ती म्हणाली. "साहेबांनी खांद्यावर हात ठेवला त्या दिवशी तुमचा चेहरा मी पाहिला होता. म्हटलं, माझ्यामुळे अडून नको. आणि त्या डब्यात कितीही टाकले तरी माझं काय जाणार होतं?"

"आणि संजा? चौपड? तिथे तर तू एक-एकच टाकत होतीस."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "मग काय पाच टाकू? जे जिवापाड आवडतं ते असं डबे भरभरून फळीवर मांडू, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं? स्वतःच्या हातानं दृष्ट लावू? अहो, तो एकसुद्धा मी देवाचं नाव घेऊन टाकायचे."

नाना दारात येऊन उभे होते. त्यांनी जयूला बरोबर घेतलं, टोपली उचलली आणि पोरींच्या मागून नदीकडे गेले.

मी फळीकडे पाहिलं. इतके दिवस मीच लिहिलेल्या चिठ्ठ्या मला पहिल्यांदा वाचता आल्या. चौपड एक, संजा एक. आणि त्यांच्या शेवटी तो डबा, जो मी उलटा करून आपटला होता.

मी म्हटलं, "म्हणजे मग 'यांच्याशी बोलणं' या डब्यात..."

"ते विचारू नका," ती म्हणाली आणि हात धुवायला मोरीत गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

मी अडाणी आहे. माणसांची मोजणी करायला निघालो, आणि ज्या घरात जन्मलो तिथे तीट का लावतात हे मला माहीत नव्हतं. तिला भोपाळला नेऊन वर तिचंच समाधान केलं म्हणून मिरवलं असतं मी. तिनं कधी कुरकूरही केली नसती, आणि नव्या घरातल्या डब्यांत मी तिचे पाच-पाच चिंचोके मोजून खूश झालो असतो.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

साहेबांकडे गेलो आणि दिलेला कागद परत मागितला. यादी अजून गेलेली नव्हती. साहेब म्हणाले, "क्यों, क्या हुआ? कल तक तो तैयार थे." खरं कारण सांगायला मी तोंड उघडलं, पण हिंदीत ते फारच विचित्र ऐकू आलं असतं. म्हणालो, "साहब, हिसाब में गलती हो गई." साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपसे? हिसाब में?"

जागा विष्णुपंतांना मिळणार. उद्या ते इन्स्पेक्टर होतील, तपासायला उज्जैनीला येतील आणि मी मोजलेले बैल मलाच परत मोजायला लावतील. याचं वाईट वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. सायकलीचं कुलूप दोनदा चुकीच्या बाजूला फिरवलं.

घरी सांगितलं तेव्हा अनसूया म्हणाली, "कशाला उगाच? चांगली जागा होती." आणि पोळीवर तूप नेहमीपेक्षा जास्त वाढलं. नाना जेवता जेवता म्हणाले, "भोपाळचं पाणी जड असतं म्हणे." त्यांना भोपाळच्या पाण्याबद्दल काही माहीत नाही, पण मी मान डोलावली.

गुरुवार, १ नोव्हेंबर

आज नवं राज्य झालं. फ्रीगंजात पताका लागल्या, भाषणं झाली. विष्णुपंत नव्या कोटात भोपाळच्या गाडीत बसले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून म्हणाले, "पोतनीस, चुकलात." मी हात हलवला. जिल्हा कचेरीत मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय, ऊन येतं.

उद्या दिवाळी. डबे सगळे अनसूयेनं धुऊन चिवड्या-शेवेला घेतले. चिंचोके चौपडीत गेले, निळे अजूनही चांगले पडतात म्हणे. एक डबा मात्र तिनं धुतला नाही. तो फळीवर आहे तसाच आहे, चिठ्ठीसकट. मी विचारलं नाही.

संध्याकाळी गेंदाबाईंनी भिंतीवरून विचारलं, "कैसे हो बाबूजी?" मी म्हटलं, "बस, ठीक ही है." अनसूयेनं चकलीच्या सोऱ्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, जयूच्या खेळातून एक निळा चिंचोका मागून घेतला आणि त्या डब्यात टाकला.

"एकच?" ती म्हणाली.

"एकच," मी म्हटलं.

ती पुढची चकली पाडायला लागली. चकल्या कुरकुरीत झाल्या, नाही, जरा मऊच झाल्या. जयू थोडी रोडावली आहे. बाकी ठीक. जास्त लिहीत नाही.